कीर्द, खतावणी आणि कथा

पेढीवर ज्याचे आयुष्य गेले त्याला कीर्दीची मर्यादा वेगळी सांगावी लागत नाही. तारीख, नाव, रक्कम, जमा की नावे, एवढे लिहिले की नोंद पुरी होते. ती रक्कम मागायला आलेला माणूस उंबऱ्याशी किती वेळ घुटमळला, देणाऱ्याने पेटी उघडण्यापूर्वी कोणाच्या तोंडाकडे पाहिले, मुदत उलटल्यावर दोघांनी एकमेकांच्या दारावरून जाणे का सोडले, हे कीर्दीत नसते आणि असूही नये. परंतु त्या घरातील आजीला विचारावे, तर रक्कम ती कधीच विसरलेली असते आणि नेमके हेच सारे तिला आठवत असते. कीर्द जेथे थांबते तेथून कथेला आरंभ होतो.

या जुन्या सत्याशी एका अगदी नव्या छंदाची गाठ पडली आहे. रात्री दुकान वाढवून घरी आल्यावर, जेवणखाण आटोपून, तरुण मुलगा वा मुलगी संगणकापुढे बसते. पडद्यावर फुटबॉलचा खेळ चालू आहे असे म्हणावे, तर चेंडू फारसा दिसत नाही. दिसतात ते आकड्यांचे तक्ते. खेळाडूंचे पगार, करारांच्या मुदती, खरेदी-विक्रीचे प्रस्ताव, संचालक मंडळाची नाराजी, तिकिटांचे उत्पन्न. मागे उभे राहून पाहणारे आजोबा विचारतात, “हा खेळ आहे की हिशेब?” प्रश्न थट्टेचा असला तरी त्याचे खरे उत्तर ‘दोन्ही’ असेच आहे. या प्रकाराला क्रीडाव्यवस्थापनाचा खेळ म्हणतात. येथे खेळणारा मैदानावर धावत नाही. तो संघाचा व्यवस्थापक होतो, निर्णय घेतो, आणि त्या निर्णयांचे फळ संगणक ठरवतो.

असा एखादा हंगाम खेळून झाल्यावर त्यावर कथा वा कादंबरिका लिहिण्याची प्रथा इंग्लंडात आणि इतरत्र चांगली रुजली आहे. मराठीतही ज्यांना असे काही लिहून पाहावेसे वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. घरातील वडीलधाऱ्यांनीही तो वाचावा. आकड्यांच्या त्या तक्त्यांत मुलाला वा मुलीला काय दिसते, हे त्यांना कदाचित यावरून उमगेल.

खेळाची पूर्वपीठिका

घरगुती संगणकासाठी ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाचा पहिला गाजलेला खेळ केव्हिन टॉम्स यांनी १९८२ साली आणला. त्यानंतर १९९२ मध्ये पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्रज भावांनी तयार केलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत खेळाडूंची नावे काल्पनिक होती. खऱ्या खेळाडूंची नावे पुढच्या आवृत्तीपासून आली. पुढे या भावांच्या कंपनीचे आणि प्रकाशकाचे मार्ग वेगळे झाले. जुने नाव प्रकाशकाकडे राहिले आणि २००४ पासून त्यांचा खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने येऊ लागला. आज ‘फुटबॉल मॅनेजर’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हाच खेळ येतो. क्रिकेटच्या कर्णधारपदाचाही असा एक खेळ १९९८ मध्ये निघाला. मात्र कथालेखनाची परंपरा फुटबॉलभोवती अधिक वाढली, म्हणून येथील उदाहरणे इंग्लंडमधील फुटबॉलचीच घेतली आहेत.

तथापि कल्पित संघांवर लिहिण्याची हौस संगणकाहूनही जुनी आहे. अमेरिकन लेखक जॅक केरुअॅक यांनी लहानपणी घरच्या घरी बेसबॉलचा एक खेळ रचला होता. संघ त्यांचे, खेळाडू त्यांचे, आणि त्या सामन्यांची बातमीपत्रेही तेच लिहीत. मोठेपणीही हा नाद सुटला नाही. ते कागद आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत आणि त्यांवर २००९ मध्ये एक पुस्तकही निघाले. ज्याला पुढे लेखक व्हायचे होते, त्याने वाक्याची पहिली तालीम एका काल्पनिक गुणफलकावर केली, हे नवलेखकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

खाडाखोड नको

आता मुख्य मुद्दा. हे खेळ अधूनमधून जतन करून ठेवता येतात. त्यामुळे महत्त्वाचा सामना हरला की जतन केलेली आधीची स्थिती पुन्हा उघडायची, तोच सामना पुन्हा खेळायचा, आणि विजय मिळेपर्यंत हा उद्योग चालू ठेवायचा, असा मोह प्रत्येक खेळाडूला होतो. केवळ करमणुकीपुरते खेळणाऱ्याने हे केले तर कोणाचे काही बिघडत नाही. लिहिणाऱ्याने मात्र हे कदापि करू नये.

हिशेबाच्या वहीत चुकीची नोंदसुद्धा खोडून टाकीत नाहीत. उलट नोंद करून ती दुरुस्त करतात, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. येथे तर नोंद चुकीचीही नाही. पराभव झाला तो झाला. तो पुसणारा लेखक स्वतःच्या कथेचे भांडवलच पुसत असतो. कारण सर्वस्वी स्वतंत्र लेखकाच्या हाती सारेच असते, आणि नवशिक्याच्या हाती सारे असले की तो नायकाला अखेरच्या मिनिटाला जिंकवतो. क्रीडाव्यवस्थापनाच्या खेळाचे मोठे देणे हेच, की तो लेखकाला विरोध करतो. संघातील सर्वांत गुणी खेळाडूचा पाय ऑक्टोबरात मोडतो. कोणाचाच त्यात दोष नसतो. आता पुढचे सहा महिने त्याच्याविना कसे काढायचे, आणि तो खेळाडू ते महिने कसे काढील, हा प्रश्न लेखकाने स्वतःहून कधीच ओढवून घेतला नसता. खेळाने तो त्याच्या दारात आणून ठेवला.

हा मोह किती खोल आहे, हे रॉबर्ट कूव्हर या अमेरिकन कादंबरीकाराने १९६८ मध्येच दाखवले. त्यांच्या ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ या कादंबरीचा नायक हेन्री वॉ हा एक एकटा राहणारा हिशेबनीस आहे. दिवसा तो कचेरीत आकडेमोड करतो आणि रात्री स्वयंपाकघरातील टेबलावर तीन फासे टाकून स्वतः रचलेल्या बेसबॉलचे हंगामच्या हंगाम खेळतो. प्रत्येक सामन्याची नोंद वहीत होते. खेळाडूंचे जन्म, निवृत्ती, मृत्यू, सारे काही फासे आणि तक्ते ठरवतात. डेमन रदरफर्ड हा तरुण गोलंदाज हेन्रीचा जीव की प्राण. एके रात्री फासे असे पडतात, की समोरच्या संघातील जॉक केसीने टाकलेल्या चेंडूने डेमनचा मृत्यू होतो. हेन्री कोलमडतो. आणि पुढे एका क्षणी तो फासे टाकत नाही. हाताने उचलून, हवे ते आकडे वर करून, टेबलावर मांडतो. केसी मरतो. खेळ पूर्वीसारखा राहत नाही, आणि हेन्रीही राहत नाही.

फासे मांडणारा तो हात नवलेखकाने विसरू नये. हेन्रीने एका मृत्यूचा बदला घेतला खरा, परंतु त्याचबरोबर ज्या नियमावर त्याचा इतका जीव जडला होता तो नियमही मारला. यावरून लेखकाने आरंभीच एक मर्यादा आखून घ्यावी. सामन्याचा निकाल, दुखापत, खेळाडूचे येणे-जाणे आणि व्यवस्थापकाची हकालपट्टी ही खेळाची सत्ता. त्यामागचे हेतू, संभाषणे, घरे, नाती आणि मौन ही लेखकाची सत्ता. दोन्ही सत्तांची सीमा एकदा ठरली, की कथेला कणा मिळतो.

शेचाळीसांतून पाच

दुसरी गोष्ट निवडीची. इंग्लंडमधील फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत. सर्वोच्च श्रेणीत २० आणि तिच्याखालील तीन श्रेणींत प्रत्येकी २४. नवशिका बहुधा नामवंत, धनाढ्य क्लब निवडतो. तेथे पैसा अमाप आणि पडझडीची भीती कमी, म्हणून कथेलाही धग कमी. त्याऐवजी चौथ्या श्रेणीतील एखादा क्लब घ्यावा. तेथे शेवटचे दोन क्लब पाचव्या श्रेणीत ढकलले जातात. पगाराचा प्रत्येक पौंड मोजून द्यावा लागतो, आणि बरा खेळाडू जानेवारीत विकावा की हंगामअखेरपर्यंत ठेवावा, हा प्रश्न व्यवस्थापकाची झोप उडवतो. माल कधी काढावा आणि कधी धरून ठेवावा, हे ज्यांच्या घरात रोज बोलले जाते, त्यांना या प्रश्नातील ताण समजावून सांगावा लागणार नाही.

या श्रेणीत प्रत्येक क्लब हंगामात ४६ साखळी सामने खेळतो. नवलेखकाचा पहिला प्रमाद असा, की तो ४६ सामन्यांची ४६ वर्णने लिहितो. विसाव्या सामन्यापर्यंत वाचक थकतो आणि तिसाव्यापर्यंत लेखक. खतावणी करताना जसे एकेका खात्याचे व्यवहार कीर्दीतून वेगळे काढतात, तसे लेखकाने करावे. एक खाते गोलरक्षकाचे, एक खाते संचालकांशी असलेल्या तणावाचे, एक खाते नव्या पोराचे. त्या त्या खात्यात बदल घडवणारे चार-पाच सामने घ्यावेत आणि उरलेले एका ओळीत ओलांडावेत. ‘नोव्हेंबर पावसात आणि बरोबरीत गेला’ एवढे वाक्य पाच सामन्यांना पुरते.

आकड्यामागचा माणूस

या खेळात प्रत्येक खेळाडूचे गुण १ ते २० या आकड्यांत मांडलेले असतात. वेग १४, जिद्द १८, हवेतील चेंडूवरील पकड ९. हे आकडे खेळणाऱ्याच्या उपयोगाचे. कथेत ते जसेच्या तसे येऊ नयेत. क्रिकेटच्या धावफलकावर ‘धावबाद ४९’ एवढेच दिसते, पण घरातला वाद असतो तो हाक कोणाची होती याचा. कथाही त्या हाकेचीच लिहायची असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका क्लबाचा गोलरक्षक ३६ वर्षांचा आहे. त्याचा करार ३० जूनला संपतो. संघ बाहेरगावचा सामना २-१ असा हरून परतला आहे. नवशिका साधारण असे लिहितो :

‘शनिवारी आमचा संघ २-१ असा पराभूत झाला. पहिला गोल २३व्या आणि दुसरा ७१व्या मिनिटाला झाला. दोन्ही वेळा गोलरक्षकाची चूक होती. त्याचे वय झाले असल्याने आता त्याचा करार वाढवायचा नाही, असे मी ठरवले. या पराभवाने आम्ही २१व्या स्थानावर घसरलो.’

यात खोटे काही नाही, परंतु ही अजून कीर्दच आहे. हीच घटना अशीही लिहिता येईल :

‘बस मैदानापाशी पोहोचली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. पोरे गाडीतून उतरून न बोलता पांगली. सामान आत नेण्याचे काम त्यांचे. आज ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. गोलरक्षकाने दोन्ही पिशव्या खांद्याला लावल्या, आत ठेवल्या आणि दारातच उभा राहिला. व्यवस्थापक दिवे मालवण्यासाठी थांबला होता.

“उद्या किती वाजता येऊ?”

उद्या रविवार होता. उद्या सराव नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते.

“दहाला ये,” व्यवस्थापक म्हणाला आणि दिव्याचे बटण शोधू लागला.’

दुसऱ्या उताऱ्यात निकाल नाही, मिनिटे नाहीत आणि निर्णयही उच्चारलेला नाही. तरीही करार वाढणार नाही, हे वाचकाला कळते, आणि सांगणाऱ्याला ते किती जड जात आहे हेही कळते. गुणतक्त्यातील स्थान पुढच्या परिच्छेदात एका वाक्यात सांगता येईल. आकडा टाळावा असे नव्हे. त्याचे काम साक्षीदाराचे आहे, हे विसरू नये.

खरी नावे, खरी माणसे

खेळातील बहुतेक खेळाडू प्रत्यक्षात हयात असलेल्या माणसांच्या नावांचे असतात. येथे लेखकाने विशेष जपून वागावे. २००१-०२ च्या आवृत्तीत चेर्नो सांबा नावाचा एक कोवळा मुलगा होता. त्याला विकत घेणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाच्या हाताखाली तो जगज्जेता आघाडीपटू होई. खरा सांबा गांबियात जन्मला, इंग्लंडमध्ये वाढला, अनेक क्लबांकडून खेळला आणि गांबियाच्या राष्ट्रीय संघातही गेला. परंतु पडद्यावरील कीर्तीची बरोबरी त्याच्या कारकिर्दीला करता आली नाही. ज्या मुलाचे भविष्य अनोळखी माणसांनी आधीच लिहून ठेवले, त्याने ते ओझे घेऊन रोज सरावाला जायचे, याचा विचार खेळणाऱ्यांपैकी किती जणांनी केला असेल?

म्हणून खऱ्या खेळाडूच्या नावावर व्यसन, लबाडी किंवा घरगुती कलह चढवू नये. कथेला खलपुरुष हवा असेल तर खेळच ती सोय करून देतो. दरवर्षी जुने खेळाडू निवृत्त होतात आणि संगणक पूर्णपणे काल्पनिक अशा नव्या पोरांना जन्म देतो. त्यांना नाव, वय आणि गुण असतात. आईबाप आणि भूतकाळ नसतो. ही कोरी पाने लेखकाचीच वाट पाहत असतात. त्यांच्यावर हवे ते लिहावे.

त्याच जुन्या आवृत्तीत तो मादेरा नावाचा एक पोर्तुगीज आघाडीपटूही होता. गोलांचा पाऊस पाडणारा म्हणून तो खेळणाऱ्यांचा लाडका झाला. पुढे असे निष्पन्न झाले, की या नावाचा, या योग्यतेचा खेळाडू जगात कोठेच नव्हता. माहिती भरतानाच ती नोंद घुसडली गेली होती. खोट्या नोंदीने ताळेबंद बिघडतो. परंतु कोणीतरी कोठेतरी अशी नोंद का केली असेल, हा विचार मनात येताच एक संपूर्ण कथा उभी राहू शकते.

सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण

बहुतेक नवलेखक व्यवस्थापकाच्या रोजनिशीचा आधार घेतात. तो मार्ग सोपा आहे, पण त्यात आत्मस्तुतीचा खड्डा आहे. खेळात स्वतः घेतलेले निर्णय शहाणपणाचे होते, हे सिद्ध करण्यातच रोजनिशी खर्ची पडते. त्याऐवजी क्लबाचा हिशेबनीस, मैदानाची निगा राखणारा माळी, कपडे धुणारी बाई किंवा राखीव बाकावर वर्ष काढलेला खेळाडू यांच्या नजरेतून तोच हंगाम पाहावा. व्यवस्थापकाला ‘योग्य विक्री’ वाटणारी गोष्ट हिशेबनिसाला सुटकेचा निश्वास वाटते आणि विकल्या गेलेल्या पोराच्या मित्राला विश्वासघात वाटते. एक पत्र, संचालकांच्या बैठकीचे इतिवृत्त, स्थानिक वृत्तपत्रातील चार ओळी, अशी निरनिराळी साधनेही वापरता येतात. केरुअॅक यांची बातमीपत्रे याच जातीची होती.

भाषेबाबत दोन सूचना. ‘पेनल्टी’, ‘कॉर्नर’, ‘ट्रान्सफर’ हे शब्द मराठी वाचकाला परिचित आहेत. त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधू नयेत. मात्र केवळ तो खेळ खेळणाऱ्यांनाच कळतील असे तक्त्यांचे, बटणांचे आणि डावपेचांच्या संक्षेपांचे शब्द गाळावेत. कसोटी सोपी आहे. ज्याने हा खेळ कधी पाहिला नाही अशा घरातील एका माणसाला, आईला, काकांना किंवा आजीला, पहिली दोन पाने वाचून दाखवावीत. “मग त्या म्हाताऱ्याचे काय झाले?” असा प्रश्न आला तर लेखन मार्गी लागले. “छान आहे हं,” एवढेच ऐकू आले तर पुन्हा बसावे.

दुसरे असे, की निवडलेल्या गावाचा अभ्यास करावा. त्या भागात कोणता उद्योग होता, हिवाळ्यात अंधार किती लवकर पडतो, गोठलेल्या मैदानामुळे सामना पुढे कसा ढकलला जातो, बाहेरगावी जायला बसला किती तास लागतात, हे सारे माहीत असावे. परगावच्या बाजाराची चौकशी न करता तेथे माल पाठवणारा व्यापारी आणि गाव न जाणता गावाची कथा लिहिणारा लेखक, दोघेही सारख्याच प्रकारे फसतात.

वही मिटण्याची वेळ

शेवटची अडचण शेवटाचीच आहे. हा खेळ संपत नाही. एक हंगाम सरला की दुसरा उभा राहतो. पंचवीस हंगाम खेळलेले पुष्कळ सापडतील. एका हंगामाची कथा पुरी केलेले थोडे. उत्साहाच्या भरात खेळ दहा वर्षे पुढे जातो आणि लेखन पहिल्या ऑगस्टातच राहते. मग मागचे आठवत नाही, आणि पुढचे ठाऊक असल्यामुळे लिहिण्याचे कुतूहलही उरत नाही.

यावर उपाय रोजमेळाचा. ज्या रात्री खेळ झाला, त्याच रात्री निजण्यापूर्वी अर्धे पान टिपण करावे. निकालाचे नव्हे, त्या क्षणी मनाला काय वाटले त्याचे. लेखन आणि खेळ यांत एका महिन्याहून अधिक अंतर पडू देऊ नये. आणि आरंभीच ठरवावे, की ही कथा एका हंगामाची असेल. व्यवस्थापकाची हकालपट्टी झाली तर तोच शेवट. खेळणाऱ्याला तो अपमान वाटतो. लिहिणाऱ्याला याहून चांगला शेवट क्वचितच मिळतो.

हेन्री वॉच्या कादंबरीतील आणखी एक गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे. त्याचा खेळ वाढत जातो आणि त्याचे जग आटत जाते. कचेरीतील काम बिघडते, एकुलता एक मित्र दुरावतो. तेव्हा रात्री किती वाजता संगणक बंद करायचा, हाही लेखनाच्या शिस्तीचाच भाग आहे. माणसांत न वावरणाऱ्याला माणसांविषयी लिहिण्यासारखे फार दिवस काही उरत नाही. सकाळी दुकानात येणारे गिऱ्हाईक, उधारी मागताना अडखळणारा आवाज, पन्नास वर्षे काम करून निवृत्त होणारा दिवाणजी, हेच तर त्या छत्तीस वर्षांच्या गोलरक्षकाचे खरे सगेसोयरे आहेत.

आजोबांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळावे. हा खेळ की हिशेब? पडद्यावर तो हिशेबच दिसत राहील. परंतु एखाद्या रात्री नातवाने वा नातीने पराभवाची नोंद न पुसता तशीच राहू दिली, वही उघडली आणि त्या नोंदीखाली पहिले वाक्य लिहिले, तर आजोबांनी जवळ बसून ते वाचून पाहावे. अडलेली येणी आणि बुडालेली खाती यांच्या आठवणी त्यांच्यापाशीही थोड्या नसतील. त्यांतल्या दोन त्यांनी सांगितल्या, तर पुढचे पान त्या रात्री आपोआप लिहून होईल.